घड्यांमधलं अंतर

"गणपतराव, हे काय आहे?"

"काच आहे साहेब."

"काचेवर काय आहे?"

गणपतरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फ्रेमच्या जवळ गेले, मग लांब आले. आमच्या ऑफिसात ते बावीस वर्षं साफसफाई आणि चहा बघत होते. कुठल्याही प्रश्नाला ते आधी अंतर देत आणि मग उत्तर.

"डाग आहेत. चार. चिकटपट्टीचे दिसतात."

"कोणी लावली चिकटपट्टी?"

"सत्यनारायणाचं आमंत्रण लावलं असेल कोणीतरी."

"माझ्या बोर्डावर?"

"बोर्डावर कुठं साहेब, काचेवर. पुसतो की."

गणपतरावांनी फडका मारला. डाग गेले नाहीत, फक्त चकचकीत झाले. ही डिसेंबर २०१३ मधली गोष्ट. आता मी बावन्न वर्षांचा आहे आणि ते डाग अजून तिथेच आहेत.

ती फ्रेम आमच्या भोसरीच्या कंपनीत, रिसेप्शनच्या भिंतीवर होती. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी मशीन बनवायचो. शेतकऱ्याने दूध ओतलं की वजन, फॅट, नाव, सगळं पडद्यावर यायचं आणि चिठ्ठी बाहेर पडायची. त्या मशीनच्या पोटातला सर्किट बोर्ड मी डिझाइन केला होता, आणि फ्रेममध्ये होता त्या बोर्डाच्या एका कोपऱ्याचा दोन फुटी फोटो. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला कोपरा.

तिथे तांब्याच्या केसासारख्या बारीक ओळी असतात. आठ-आठ ओळींचा एक गट. एका गटातले आठही सिग्नल मेमरीपाशी एकाच क्षणी पोचावे लागतात. एक जरी पुढे-मागे झाला तरी मेमरी चुकीचं वाचते आणि मशीन जागच्या जागी थिजतं. पण बोर्डावर काही ओळी मुळात आखूड पडतात. मग त्या आखूड ओळींना नागमोडी वळणं द्यायची, घड्या घालायच्या, आणि सगळ्यांची लांबी सारखी करायची. हे काम सगळेच करतात. मी ते देखणं करायचो. माझ्या घड्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, दाट, एकसारख्या, पैठणीच्या काठासारख्या. फोटो पाहून येणारे-जाणारे विचारायचे, ही वारली आहे का? कंपनीचे मालक दाबके साहेब अभिमानाने सांगायचे, "नाही हो, ही सोवनी आहे."

म्हणजे मी. पराग सोवनी, डिझाइन विभागप्रमुख. विभागात माझ्यासकट तिघं होतो.

तर त्या हिवाळ्यात ही सोवनी थिजायला लागली.

सगळीकडे नाही. दहातली दोन मशीन, तीही फक्त अकोले तालुक्यात. केंद्रावरून फोन आला की आम्ही मशीन पुण्याला मागवायचो. इथे ते मशीन दिवसच्या दिवस चालायचं. मी त्याच्यासमोर बसायचो, डबा खायचो, त्याच्याकडे पाठ करायचो. नाहीच. परत पाठवलं की दुसऱ्या दिवशी फोन.

दाबके साहेबांनी मला बोलावलं. "सोवनी, तुम्ही स्वतः जा. पहाटे, दूध येतं तेव्हा बघा."

"जातो सर."

"आणि खैरमोडेला घेऊन जा."

"त्यांचं तिथे काय काम?"

"ती दोन महिने त्या मशीनच्या नोंदी ठेवतेय म्हणे. डोकं आहे पोरीला."

चौदा वर्षांत दाबके साहेबांनी माझ्या डोक्याबद्दल कधी काही म्हटलं नव्हतं. ते आहे हे गृहीत होतं. मला त्या क्षणी समजलं की गृहीत असण्यापेक्षा लक्षात येणं केव्हाही बरं.

सुनंदा खैरमोडे टेस्टिंगमध्ये होती. वय चौतीस, कराडच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. आमच्याकडे डिझाइन आणि टेस्टिंग यांच्यामध्ये एक काचेची भिंत होती. अलीकडे एसी, पलीकडे पंखा. अलीकडे बोर्डाचे नकाशे, पलीकडे फक्त बोर्ड. नकाशे पलीकडे जात नसत, तसा नियम मीच केला होता. आणि माणसं अलीकडे येत नसत. खैरमोडेनं तीनदा अर्ज केला होता, डिझाइनमध्ये घ्या म्हणून. दर वेळी खाकी पाकीट, दर वेळी स्वच्छ अक्षर. माझी सही लागणार होती. मी म्हणायचो, "बघू." पाकीट डाव्या ड्रॉवरमध्ये जायचं आणि बघणं संपायचं.

कारण विचाराल, तर मी डिप्लोमा सांगायचो. खरं कारण मला माहीत होतं. एकदा ती काचेपलीकडून माझ्या पडद्याकडे बघत होती आणि मी एका ओळीचं वळण तीनदा खोडून चौथ्यांदा काढलं. वर पाहिलं तर ती दुसऱ्या वळणावर मान डोलवून कधीच कामाला लागली होती. आणि दुसरंच बरोबर होतं.

एकच गोष्ट तिच्या बाजूने होती. जेवणाच्या सुट्टीत ती रिसेप्शनमध्ये माझ्या फ्रेमसमोर उभी राहायची. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. मी जिन्यावरून पाहायचो आणि मला वाटायचं, चला, निदान नजर तरी आहे. तेवढा वेळ मी तिला माफ करायचो.

आम्ही दुपारी निघालो. गाडी लागते म्हणून ती पुढे बसली आणि मी मागे, मीटर, स्कोप आणि वायरींच्या खोक्याबरोबर. ड्रायव्हर इस्माईल दोन वर्षं मला नेत-आणत होता. माझ्याशी तो एकूण चाळीस शब्द बोलला असेल. नारायणगाव येईपर्यंत खैरमोडेला त्याच्या तिन्ही मुलींची नावं, शाळा आणि टॉन्सिल्स माहीत झाले होते.

वाघदऱ्याला पोचलो तेव्हा दूध संस्थेचे सचिव नवले वाटच बघत होते. डोक्याला मफलर, हातात बॅटरी.

"या ताई. तुमचाच आवाज फोनवर असतो ना? घरी चला, मंडळी वाट बघतायत, भाकरी टाकलीय." मग मी दिसलो. "साहेब पण आहेत होय. साहेबांची सोय संस्थेत केलीय."

संस्थेत म्हणजे पशुखाद्याच्या पोत्यांच्या खोलीत. सरकीच्या वासात मी आणि इस्माईल झोपलो. इस्माईल झोपला. मी शिंका देत होतो आणि नवल्यांच्या घरी आत्ता काय बोलणं चाललं असेल याचा विचार करत होतो.

पहाटे साडेपाचला केंद्र उघडलं. थंडी अशी की किटलीच्या कडीला हात लावला की हात परत द्यायला ती नाखूश. रांग बाहेरपर्यंत. पहिली सहा माणसं झाली. सातव्याचं दूध ओतलं आणि पडद्यावरचा आकडा थिजला.

"गेलं," नवले म्हणाले. त्यात एक प्रकारचं समाधान होतं. "बघितलंत? खोटं नव्हतो बोलत."

मी मशीनचं झाकण काढलं, स्कोप लावला. स्कोपची सुई म्हणजे पेनाएवढी गोष्ट, तिचं टोक ओळीवर टेकवलं की सिग्नलची लहर पडद्यावर दिसते. पहिली मोकळी जागा मिळाली तिथे सुई टेकवली आणि मशीन परत चालू केलं.

चाललं. आठवा, नववा, पंधरावा, पंचविसावा. चिठ्ठ्या सुरसुरत बाहेर. मी हात मागे घेतला आणि सर्वांकडे पाहिलं.

"झालं?" नवल्यांनी विचारलं.

"झालं असावं," म्हणत मी सुई काढली. तिसऱ्या माणसाला मशीन बसलं.

सुई लावली, चाललं. काढली, बसलं. असं चार वेळा.

"मग ती सुई तिथंच राहू द्या की," नवले म्हणाले.

"सुई तपासायला असते. चालवायला नाही."

"तपासलं की चालतंय, सोडलं की बसतंय." नवल्यांनी रांगेकडे वळून सांगितलं, "आपली शाळा आहे ही. साहेब तपासणीला आले की पोरं पाढे म्हणतात."

रांग हसली. एक म्हातारी म्हणाली, "आवरा ओ साहेब, दूध नासायचं." मी तिला समजावणार तोच खैरमोडे पुढे आली. शालीचा पदर खोचलेला, हातात वही.

"सर, सुई कुठल्या ओळीवर लावली होती?"

"मिळाली त्या."

"नाही, नक्की कुठली?"

मी वाकून मोजलं. "दुसऱ्या गटातली सहावी."

तिनं मान हलवली, जणू मी पत्ता बरोबर सांगितला होता. "दुसरीवर लावून बघू का?"

"काय उपयोग?"

"बघते."

तिनं एकेक करून गटातल्या उरलेल्या सातही ओळींवर सुई टेकवली. सातही वेळा मशीन बसलं. सहावीवर टेकवली, चाललं. हे सगळं व्हायला पंचवीस मिनिटं लागली आणि त्या पंचवीस मिनिटांत एकालाही दूध नासण्याची आठवण झाली नाही. म्हातारी तर म्हणाली, "चालू द्या बाई तुमचं. आम्ही काय, बसून हाव." तिच्यासाठी कोणीतरी कपबशीतून चहा आणला. मला प्लास्टिकच्या ग्लासातून. मशीनसुद्धा तिच्यापुढे मोकळेपणाने बिघडत होतं. पुण्यात माझ्यापुढे किती दिवस संकोचून बसलं होतं.

"योगायोग आहे," मी म्हणालो.

ती वहीत लिहीत होती. न बघता म्हणाली, "सर, सुई टेकवली की ओळ जराशी जड होते ना?"

"होते. म्हणूनच सुई लावून दिसतं त्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात."

नवल्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनं नाही बघितलं.

"हं," ती म्हणाली, आणि त्या शब्दाखाली तिनं वहीत एक रेघ ओढली.

आठ वाजता ऊन आलं आणि मशीन आपोआप चालायला लागलं. "आता चालणारच," नवले म्हणाले. "दूध संपलं ना."

परतीच्या वाटेवर नारायणगावला चहाला थांबलो. इस्माईल टायर बघत होता. ती माझ्या टेबलाशी आली, उभीच राहिली.

"सर, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं."

"डिझाइनमध्ये येण्याबद्दल?"

"ते आहेच. पण..."

"मॅडम, आत्ता नको. डोकं दुखतंय."

गाडीत बसल्यावर मी डोळे मिटून घेतले. चाकणपर्यंत मी झोपेचं सोंग केलं, आणि सांगतो, चाकणपर्यंत ते सोंग टिकवणं हे त्या दौऱ्यातलं माझं सर्वांत कष्टाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दाबके साहेबांकडे मीटिंग होती. दहाला खैरमोडे काचेच्या भिंतीतून आत आली. हातात खाकी पाकीट.

"सर, मीटिंगच्या आधी वाचाल ना?"

"बघू," मी म्हणालो.

"आधीच वाचा सर. मग उपयोग नाही."

चौथा अर्ज. आता हिंमत बघा, मी मनात म्हटलं. एक सुई काय टेकवली, मीटिंगच्या आधी सही पाहिजे. मी पाकीट ड्रॉवरमध्ये आधीच्या तिघांवर ठेवलं आणि ड्रॉवर जरा जोरानेच लावला.

मीटिंगला आम्ही तिघंच. दाबके साहेब, मी, ती. तिच्या मांडीवर एक फाइल. ती फाइल मी ओळखत होतो. त्या बोर्डाची चाचणीची फाइल. त्यात एक कागद होता, ज्यावर थंडीच्या चाचणीपुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गरज नाही. अकोल्यात बर्फ पडत नाही.' खाली सही. दिवाळीआधी मशीन बाहेर पडावीत म्हणून मी ती चाचणी उडवली होती. लिहिताना मला ते विनोदी वाटलं होतं.

"काय मग?" दाबके साहेब म्हणाले. "इस्माईल सांगत होता, खैरमोडेनं तिथं काहीतरी पकडलं म्हणून?"

इस्माईल! चाळीस शब्दांचा माणूस. एकेचाळिसावा शब्द त्यानं इथे खर्च केला.

साहेब हे विचारताना तिच्याकडे बघत होते. चौदा वर्षं त्या खोलीत हा प्रश्न माझ्याकडे बघून विचारला जायचा. मला जे झालं त्याला राग म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती तोंड उघडायच्या आत मी बोलायला लागलो.

"मेमरीचा माल खराब आहे सर. शेवटची खेप. थंडीत ती टिकत नाही. थंडीची चाचणी झाली असती तर इथेच पकडलं असतं."

"मग का नाही झाली?"

"ते टेस्टिंगनं सांगावं."

खैरमोडे माझ्याकडे बघत होती. आश्चर्याने नाही, रागाने तर नाहीच. भुवया किंचित वर, विचारल्यासारख्या. मला वाटलं, विचारतेय, अर्ज वाचलात का? म्हणजे सही केलीत तर मी गप्प बसते. असला सौदा! मी अगदी थोडी मान हलवली. नाही.

तिच्या भुवया खाली आल्या.

"खैरमोडे?" साहेब म्हणाले.

तिचा हात फाइलवर होता. एक बोट त्या पानाच्या खुणेवर होतं. मला ते बोट आजही दिसतं, नखावर सोल्डरचा काळा ठिपका.

"नाही झाली सर," ती म्हणाली.

"का पण?"

"राहिली."

"राहिली म्हणजे? शेतकरी रांगेत उभे राहतात तिथं! तुला काही सांगायचंय का?"

"नाही सर. डिझाइनचं जे काही असेल ते सोवनी सर सांगतील."

साहेबांनी तिला त्या मशीनवरून काढलं आणि पॅकिंगच्या तपासणीवर टाकलं. ती दोन आठवडे खोकी मोजत राहिली आणि तिसऱ्या आठवड्यात राजीनामा दिला. जाताना माझ्याकडे आली. मला वाटलं, आता बोलेल.

"येते सर," ती म्हणाली. "बोर्ड छान आहे तुमचा."

मला ते बोलणं टोमणा वाटलं. मग वाटलं, नाही, टोमणा नव्हता. मग जास्त वाईट वाटलं.

मेमरीची नवी खेप आली. बोर्डांवर चढली. वाघदऱ्याला गेली. नवल्यांचा फोन आला.

"साहेब, नवीनपण गेलं. ताई कुठायत?"

"त्या नाहीत आता."

"अरेरे," नवले म्हणाले. "मग काय उपयोग." आणि फोन ठेवला.

जानेवारीच्या शेवटी ऑफिसातून निरोप आला की खैरमोडे बाईंची फाइल बंद करायची आहे, त्यांचे काही अर्ज प्रलंबित असतील तर शेरा मारून द्या. मी डावा ड्रॉवर उघडला. चारही पाकिटं काढली, शिक्का काढला. शेरा मारायचा तर पाकीट उघडावं लागतं. पहिलं उघडलं. अर्ज. दुसरं, तिसरं, अर्ज. प्रत्येकावर 'नामंजूर' उमटवलं.

चौथ्यातून बटर पेपर निघाला.

चार घड्या घातलेला, मोठा, दोन फुटांचा. उलगडला तर त्यावर पेन्सिलीने माझ्या आठ ओळी उतरवलेल्या. प्रत्येक वळण, प्रत्येक घडी. सात ओळी काळ्या, सहावी लाल. सहाव्या ओळीच्या घड्या सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत दाट. तिच्या बाजूला पट्टीने मोजून अंतरं लिहिली होती. खाली तिचं ते स्वच्छ अक्षर.

'दोन महिन्यांच्या नोंदींत चूक दर वेळी याच ओळीत. घड्या इतक्या जवळ आहेत की सिग्नल पूर्ण वळसा घालत नाही. थोडा शेजारच्या घडीत झिरपतो आणि ठरल्या वेळेच्या आधी पोचतो. आपण उशीर शोधत होतो, इथे घाई आहे. थंडीत चिप जास्त चपळ होतात, म्हणून पहाटे मर्यादा ओलांडली जाते. सुई टेकवल्यावर ओळ जड होते, सिग्नल मंदावतो, वेळेवर पोचतो, म्हणून चालतं. वाघदऱ्याला खात्री झाली. उपाय: घड्या कमी, आणि त्यांच्यामध्ये आत्ताच्या तिप्पट अंतर.'

सुई टेकवली की ओळ जड होते ना? तिनं विचारलं होतं. मी तिला डिग्रीचं पहिलं वर्ष सांगितलं होतं.

कागदाच्या वरच्या बाजूला, ठळक अक्षरांत: 'अभ्यास: डिझाइन विभाग. सादरकर्ते: श्री. पराग सोवनी.'

तिचं नाव कुठेच नव्हतं. टाचणीने एक चिठ्ठी लावली होती.

'सर, हे मी मांडलं तर तुमची चूक दिसेल. तुम्हीच मांडलंत तर चूक पण तुमची आणि दुरुस्ती पण तुमची, त्यात कमीपणा नाही. मला फक्त दुरुस्त करताना शेजारी बसू द्या.'

मीटिंगमध्ये तिच्या भुवया वर गेल्या होत्या. ती विचारत होती, सर, आता काढताय ना कागद? आणि मी मान हलवली होती.

मी बोर्ड बदलला. घड्या मोकळ्या केल्या, तिप्पट अंतर. दिसायला एकदम गबाळा झाला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. पाच अंशांत चार दिवस ठेवला. बसला नाही. वाघदऱ्याला गेला. नवल्यांचा फोन आलाच नाही, हीच त्यांची शाबासकी. दाबके साहेबांना मी अहवाल दिला. तिनं लिहिला होता तसाच टाइप करून घेतला, एका अक्षराचाही फरक केला नाही. वरची ओळसुद्धा.

साहेबांनी तो उभ्याने वाचला. "घाई आहे, उशीर नाही! वा सोवनी. हे तुम्हालाच सुचायचं." एप्रिलमध्ये मला टेक्निकल हेड केलं. तेव्हा त्यांनी विचारलं, आता नव्या बोर्डाचा फोटो लावायचा का रिसेप्शनमध्ये? मी म्हणालो, राहू द्या, जुनाच दिसायला बरा आहे.

खैरमोडेला फोन करावा असं मला बऱ्याचदा वाटलं. नंबर होता. एकदा लावलाही. तिनं "हॅलो, बोला सर," म्हटलं तेव्हा मी विचारलं, त्या चाचणीच्या फाइलची दुसरी प्रत कुठे असते? तिनं सांगितलं. बाजूला कोणाचा तरी आवाज येत होता, मॅडम, हे वळण बघता का. कुठल्या तरी काचेच्या अलीकडे बसली होती ती. मी थँक्यू म्हटलं.

त्यानंतर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेलेले बघून मी तो बटर पेपर घेऊन रिसेप्शनमध्ये गेलो. नकाशे आम्ही पलीकडे देत नव्हतो. मग तिनं इतकं अचूक उतरवलं कशावरून, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता, आणि उत्तर मला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. कागद काचेवर धरला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. कोपरे त्या चार डागांवर बरोबर बसले. ओळी ओळींवर बसल्या. उभ्याने, जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिलीने, काचेवरून. केसाचा फरक नाही. माझ्यासारख्याला टेबलाशी बसून, एसीत, कॉम्प्युटरवर इतकं जमलं नसतं.

तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती. वाटली, नंतर. आधी वाटला तो हेवाच.

"अच्छा!"

मागे गणपतराव उभे होते. हातात फडका, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघून झालं, चिकटपट्टीकडे बघून झालं.

"म्हणजे तुम्हीच होता होय साहेब? आणि मला रागावत होतात."

मी कागद काढून घेतला, नीट चार घड्या घातल्या.

"हो," मी म्हणालो. "मीच."